न घेतलेल्या कर्जाची वसुली

ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी सकाळी अभ्यासिकेत बसले होते, तेव्हा फोनवर मेसेज आला. तुमचं बचत खातं बंद करण्यात आलं आहे, खात्यावर 2,155 रुपये 10 पैसे थकीत आहेत, सात दिवसांत भरा, अन्यथा वसुलीची कारवाई केली जाईल. मेसेज इंग्रजीत होता, मी मराठीत सांगतेय. आधी वाटलं, फ्रॉड असणार. बँकेच्या नावाने हल्ली काय काय येत असतं. पण यात लिंक नव्हती, ओटीपी मागितला नव्हता आणि रक्कम दहा पैशांपर्यंत मोजलेली होती. भामटे दहा पैशांपर्यंत हिशोब करत बसत नाहीत. म्हणजे मेसेज खरा होता.

संध्याकाळी घरी फोन केला. घर हिंगोली जिल्ह्यात. आई गावातल्या बचतगटाची सचिव आहे, गटाची वही तीच लिहिते. तिला सगळं सांगितलं. खातं उणे झालंय, बँक पैसे मागतेय, खातं बंदही केलंय. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पण तू घेतले किती होतेस?"

"काहीच नाही घेतले."

"मग परत काय मागतेत?"

या प्रश्नाचं उत्तर मी गेले काही महिने शोधतेय. शाखेत विचारलं, कस्टमर केअरला विचारलं, बँकेच्या तक्रार कक्षाला लेखी विचारलं. उत्तर मिळालं नाही, कारण उत्तर नाहीच. म्हणून हा लेख.

उणे कसं झालं

हे खातं पाच वर्षांपूर्वीचं. पुण्यात बी.ए.ला प्रवेश घेतला तेव्हा कॉलेजच्या आवारात एका खासगी बँकेने टेबल टाकलं होतं. विद्यार्थ्यांसाठी झिरो बॅलन्स खातं, आधार कार्ड द्या, दहा मिनिटांत काम. शिष्यवृत्तीसाठी आधारशी जोडलेलं खातं लागतंच, त्यामुळे आम्ही रांगेने खाती उघडली. पुढे रोजच्या व्यवहारासाठी मी घराजवळच्या सरकारी बँकेतलं खातं वापरू लागले, कारण बाबा तिथेच पैसे टाकतात. पण आधारची जोडणी जुन्या खात्यालाच राहिली. सरकारी योजनेचे पैसे तुम्ही अर्जावर लिहिलेल्या खात्यात जातातच असं नाही, आधार ज्या खात्याशी शेवटचं जोडलंय तिथे जातात. म्हणून ते खातं मी बंद केलं नाही. त्यात 612 रुपये पडून होते.

मग माझी पदवी झाली, मी एम.ए.ला गेले. बँकेच्या लेखी मात्र माझं विद्यार्थीपण संपलं. 'विद्यार्थी योजना' संपून खातं साधं बचत खातं झालं आणि दरमहा सरासरी 5,000 रुपये शिल्लक ठेवायची अट लागली. ती मोडली की महिन्याला 300 रुपये दंड, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 354 रुपये.

आता पासबुक भरतात तसं ओळीने सांगते. मार्चमध्ये 354 कापले, उरले 258. एप्रिलमध्ये पुन्हा 354 कापले. 258 मधून 354 जात नाहीत, हे पहिलीतल्या मुलालाही कळतं. बँकेच्या सॉफ्टवेअरला ते कळूनही चाललं, खातं उणे 96 झालं. मग तीन महिन्यांचे एसएमएस पाठवल्याचे 17 रुपये 70 पैसे. मे महिन्यात 354, जूनमध्ये 354. त्यातच डेबिट कार्डाची वार्षिक फी 236 रुपये. हे कार्ड कुठल्या वहीत खोचून ठेवलंय ते मलाही आठवत नव्हतं. जुलैत पुन्हा एसएमएसचे 17.70 आणि दंडाचे 354. ऑगस्ट, सप्टेंबर, तेच. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा 17.70. बेरीज 2,767 रुपये 10 पैसे. त्यातले 612 माझे होते, ते गेले. बाकीचे 2,155 रुपये 10 पैसे मी देणं लागते म्हणे.

पुन्हा एकदा बघा. या सात महिन्यांत मी त्या खात्यातून एक रुपया काढलेला नाही. एकदाही कार्ड वापरलेलं नाही, शाखेत पाऊल टाकलेलं नाही. बँकेने माझ्यासाठी केलेलं एकमेव काम म्हणजे मला दंड लावल्याचे मेसेज पाठवणं, आणि त्याचेही पैसे घेतले. एकूण आकारात जीएसटी किती ते मी काढलं. 422 रुपये 10 पैसे. माझ्याकडे पैसे नव्हते या गोष्टीवर मी सरकारला 422 रुपये 10 पैसे कर भरायचा आहे.

याच सहा-सात महिन्यांत त्याच बँकेचे दुसरेही मेसेज येत होते. अभिनंदन, तुमच्यासाठी दोन लाखांचं कर्ज मंजूर आहे. शिल्लक कमी असल्याचा एक मेसेज याच ढिगाऱ्यात दबलेला होता, मला तो ऑक्टोबरमध्ये सापडला. मी वाचायला हवा होता का? हो, हवा होता. ही चूक माझी, मी ती मान्य करते. तिची किंमत काय असावी, एवढाच माझा वाद आहे.

ओव्हरड्राफ्ट हा शब्द

शाखेतल्या माणसाने मला समजावलं, "मॅम, तुमचं अकाउंट ओव्हरड्रॉन आहे." ओव्हरड्रॉन म्हणजे जास्त काढलेलं. कोणी काढलं? मी तर नाही. काढणारी बँक, उणे माझं खातं आणि कर्जदार मी.

खरा ओव्हरड्राफ्ट असतो, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. ब्रिटनमध्ये शिकायला गेलेल्या मराठी पोरांना विचारा. तिथल्या बऱ्याच बँका विद्यार्थी खात्यावर ठरावीक मर्यादेपर्यंत बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट देतात. महिनाअखेर खिशात काही नसताना पोरगं शिल्लक नसलेल्या खात्यातून पन्नास पौंड काढतं, किराणा आणतं, खातं उणे होतं. तो किराणा त्याने खाल्लेला असतो. मर्यादा ओलांडली, पदवीनंतर फेडलं नाही, तर बँक खातं बंद करून पैसे मागते, आणि तो मागण्याचा तिला हक्क आहे, कारण पैसे दिले होते. तरीसुद्धा तिथल्या नियामकाने एप्रिल 2020 पासून ओव्हरड्राफ्टवर रोजचे किंवा महिन्याचे ठोक आकार घ्यायला बंदी केली. घ्यायचं तर व्याज घ्या, आणि ते मंजुरी नसलेल्या ओव्हरड्राफ्टवर जास्त दराने घेऊ नका, असं सांगितलं. कारण उघड होतं. ठोक आकाराचा सगळ्यात मोठा फटका सगळ्यात कमी रक्कम उचलणाऱ्याला बसतो.

आपल्याकडे प्रकार त्याच्याही पुढचा आहे. इथे उचल शून्य आहे. दंड आधी लावायचा, दंड भरायला खात्यात पैसे नाहीत म्हणून खातं उणे करायचं, उण्याला 'थकबाकी' म्हणायचं, थकबाकी आहे म्हणून खातं बंद करायचं आणि मग वसुलीला निघायचं. प्रत्येक पायरीवर शब्द बदलतो. दंडाचा आकार होतो, आकाराची थकबाकी होते आणि थकबाकीचं कर्ज होतं. शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत पैसे दिले कोणी, हे विचारायचं सगळे विसरलेले असतात.

सुप्यात हाच प्रश्न होता

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. शाळेत आपण 'दख्खनचे दंगे' म्हणून चार ओळी वाचतो. त्या चार ओळींत एक गोष्ट असते, पण तिचा अर्थ सांगितला जात नाही. त्या उठावात जागोजागी शेतकऱ्यांना हवे होते ते कागद. खतं, रोखे, हिशोबाच्या वह्या. ते मागितले आणि जाळले. लोकांना पैशांपेक्षा कागद का नकोसा झाला असेल? कारण कागदावरचा आकडा आणि हातात पडलेले पैसे यांचा संबंध तुटला होता. पन्नास घेतलेल्याच्या नावावर व्याज, व्याजावर व्याज, नव्या रोख्यात जुनी बाकी, असं करत कितीही रक्कम चढत होती आणि कोर्ट फक्त रोखा बघत होतं. अंगठा तुझाच ना? मग भर.

सरकारने आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी दिलासा कायदा आला. ब्रिटिश सरकारला शेतकऱ्याचा फार पुळका होता असं नाही, पण त्या कायद्यात एक तरतूद विलक्षण होती. कोर्टाने रोख्यावर थांबायचं नाही, रोख्याच्या मागे जायचं. व्यवहार सुरू झाला तिथपासून हिशोब उलगडायचा, मुद्दल खरोखर किती दिलं ते बघायचं. आणि दामदुपटीचा आपला जुना नियम होताच. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाहून जास्त असता कामा नये.

माझ्या आईने फोनवर जे विचारलं ते हेच होतं. तिने तो कायदा वाचलेला नाही. ती बचतगटाची वही लिहिते, एवढंच. त्या वहीत मुद्दल, व्याज आणि दंड असे तीन वेगळे रकाने असतात. दंड त्यांच्याकडेही असतो, बैठकीला न येणारीला दहा रुपये. पण दंडाच्या रकान्यातला आकडा कधी मुद्दलाच्या रकान्यात जात नाही, आणि एखादीने तीन महिने बचत भरली नाही तर गट तिच्या घरी जाऊन विचारतो, काय झालं. पंधरा बायकांना जे कळतं ते एवढ्या मोठ्या बँकेला कळत नाही, यावर माझा विश्वास नाही. तिला कळतं. तिला ते परवडत नाही, किंवा न कळल्याचं सोंग तिला जास्त परवडतं.

आता दामदुपट माझ्या खात्याला लावून बघा. मुद्दल शून्य. शून्याची दामदुपट शून्य. दीडशे वर्षांपूर्वीच्या सुपे गावातला सावकारसुद्धा निदान पहिले पन्नास रुपये देत होता.

नियम आहे, आणि तो तुमच्या बाजूने आहे

इथवर मी भावनेच्या भरात बोलतेय असं वाटत असेल तर आता नियमाचं बोलू. एप्रिल 2014 मध्ये, रघुराम राजन गव्हर्नर असताना, रिझर्व्ह बँकेने पतधोरणाच्या निवेदनात स्वच्छ भूमिका घेतली होती. ग्राहकाच्या अडचणीचा किंवा दुर्लक्षाचा बँकांनी गैरफायदा घेऊ नये. शिल्लक कमी पडली तर दंड लावण्याऐवजी सेवा कमी कराव्यात, खात्याला मूलभूत बचत खात्याएवढ्याच सोयी द्याव्यात, शिल्लक सुधारली की सोयी पूर्ववत कराव्यात. किती साधी आणि शहाणी कल्पना होती ही. पैसे नाहीत? मग चेकबुक बंद. पण आहे त्यातले काढून घेणार नाही.

नोव्हेंबर 2014 मध्ये प्रत्यक्ष परिपत्रक आलं तेव्हा दंडाला परवानगी मिळाली होती. मात्र काही अटी होत्या, 1 एप्रिल 2015 पासून लागू झालेल्या. एक, शिल्लक कमी पडली की ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं आणि शिल्लक पूर्ववत करायला किमान एक महिना द्यायचा. दोन, दंड हा तुटीच्या प्रमाणात हवा, सरसकट नाही. तीन, तो वाजवी हवा, सेवेच्या सरासरी खर्चाशी फटकून असता कामा नये. आणि चौथी अट, जिच्यासाठी हा लेख मी लिहितेय. केवळ किमान शिल्लक न ठेवल्याच्या दंडामुळे बचत खातं उणे होता कामा नये.

म्हणजे एप्रिलमध्ये माझ्या खात्यात 258 रुपये असताना 354 घेताच येत नव्हते. तिथेच थांबायला हवं होतं. त्यापुढचा दंडाचा प्रत्येक रुपया नियमाबाहेरचा होता.

शाखेत हे सांगितलं. समोरचा मुलगा माझ्याहून फार तर चार वर्षांनी मोठा असेल. तो म्हणाला, "मॅम, हे सिस्टीमच घेतं. आमच्या हातात काही नसतं." तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या हातात खरंच काही नाही, त्यालाही महिन्याचं टार्गेट आहे. पण सिस्टीम आभाळातून पडत नाही. शून्याखाली जाऊ नकोस, ही एक ओळ सॉफ्टवेअरमध्ये लिहायला किती खर्च येतो? एटीएममध्ये मी 258 शिल्लक असताना 300 रुपये मागितले, तर तीच सिस्टीम क्षणात नाही म्हणते. माझ्यासाठी शून्य ही भिंत आहे, तिच्या स्वतःसाठी दरवाजा आहे. हा तांत्रिक दोष असता तर कधीतरी चुकून माझ्या बाजूनेही झाला असता.

'बँक म्हणजे धर्मादाय संस्था नाही'

हे मला तीन जणांनी ऐकवलं, त्यातला एक माझा चुलतभाऊ, बँकेतच आहे. त्याचं म्हणणं नीट मांडते, कारण ते अगदीच पोकळ नाही. खातं सांभाळायला खर्च येतो. सर्व्हर, शाखा, माणसं, केवायसी. यूपीआयवर बँकांना व्यापाऱ्याकडून काही मिळत नाही. मग खर्च कुठून काढायचा?

मान्य. पण मग खर्च सगळ्यांकडून काढा, वर्षाला इतके असं उघड सांगा, ज्याला परवडेल तो खातं ठेवेल. इथे तसं नाही. ज्याच्या खात्यात पन्नास हजार आहेत त्याला सेवा फुकट आणि ज्याच्या खात्यात सहाशे आहेत त्याने भरायचे. श्रीमंताच्या फुकट खात्याचा खर्च गरिबाच्या दंडातून काढणं, याला व्यवसाय म्हणायचं तर म्हणा, पण त्याला शिस्त म्हणू नका.

आणि हा दंड म्हणजे किरकोळ चिल्लर नाही. एप्रिल ते नोव्हेंबर 2017 या आठ महिन्यांत स्टेट बँकेने किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल 1,771 कोटी रुपये गोळा केले. त्या वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर तिमाहीतल्या तिच्या निव्वळ नफ्याहून ही रक्कम मोठी होती. सार्वजनिक बँकांनी मिळून 2019-20 ते 2023-24 या पाच वर्षांत सुमारे 8,500 कोटी रुपये असे वसूल केले, हे सरकारने संसदेत सांगितलं आहे. हे पैसे कोणाचे, याचा अंदाज बांधायला अर्थशास्त्र लागत नाही. खात्यात भरपूर पैसे असलेल्या माणसाला हा दंड लागतच नाही.

पण याच स्टेट बँकेने मार्च 2020 मध्ये हा दंड बंद केला. 2025 मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, इंडियन अशा आणखी काही सार्वजनिक बँकांनी तोच निर्णय घेतला. त्यांचे सर्व्हर बंद पडले नाहीत. म्हणजे दंडाशिवाय बँक चालते. त्याच 2025 च्या ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने महानगरांतल्या नव्या खात्यांसाठी किमान शिल्लक 50,000 रुपये केली, ओरड झाल्यावर काही दिवसांत ती 15,000 वर आणली. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर तेव्हा म्हणाले की, किमान शिल्लक किती ठेवायची हे बँकांनी ठरवायचं असतं. ठीक आहे, ठरवा. पण शून्याखाली जायचं नाही हे तर तुम्हीच ठरवलंय ना? ते तरी पाळून घ्या.

दुसरा युक्तिवाद असतो जबाबदारीचा. पैसे थकवायचे नसतात, सवय लागते. हे ऐकलं की मला बँकांचे 'राइट ऑफ' आठवतात. 2014-15 पासूनच्या दहा आर्थिक वर्षांत बँकांनी सुमारे 16.35 लाख कोटी रुपयांची कर्जं निर्लेखित केली, हाही संसदेतलाच आकडा. लगेच कोणीतरी म्हणेल, निर्लेखित म्हणजे माफ नव्हे, वसुली चालू असते. बरोबर आहे, तो फरक मला ठाऊक आहे. तरीही बघा, ज्यांनी खरोखर पैसे नेले त्यांच्यासाठी बँकेकडे तरतूद आहे, पुनर्रचना आहे, तडजोड आहे, न्यायाधिकरण आहे आणि वर्षानुवर्षांचा वेळ आहे. जिने काहीच नेलं नाही तिच्यासाठी सात दिवस आहेत.

शिष्यवृत्तीचं काय झालं

2,155 रुपये ही मोठी रक्कम नाही, भरून टाक आणि मोकळी हो, असं मैत्रिणींनी सांगितलं. माझ्या मेसचं महिन्याचं बिल साधारण याच्या दीडपट येतं. मी भरूही शकले असते. पण तोवर दुसरीच गोष्ट झाली होती.

शिष्यवृत्तीचा हप्ता त्याच महिन्यात निघाला. आधार ज्या खात्याशी जोडलेलं होतं ते खातं बँकेने बंद केलेलं. पैसे परत गेले. पोर्टलवर लाल अक्षरांत शेरा पडला, खातं बंद. कॉलेजच्या ऑफिसने सांगितलं, शिष्यवृत्ती आली नाही तर फी तुम्ही भरा, नाहीतर परीक्षेचा फॉर्म अडकेल. बाबांनी सोयाबीन घाईत विकून पैसे पाठवले. दर पडलेला असताना. त्यात किती नुकसान झालं ते त्यांनी मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. हे कुठल्याच स्टेटमेंटमध्ये येत नाही.

आणि खातं बंद झालं नसतं तरी काय झालं असतं? हप्ता उणे खात्यात पडला असता आणि बँकेने आपले 2,155 आधी उचलले असते. समाजाने एका मुलीला शिकायला दिलेले पैसे तिच्याकडे पोचायच्या आत, ती गरीब असल्याच्या दंडापोटी कापले गेले असते. माझ्या वर्गातल्या दोघींच्या बाबतीत हेच झालंय. त्यांनी तक्रार केली नाही. त्यांना वाटलं, सरकारनेच कमी पाठवले असतील.

तर आता काय करायचं

मी काय केलं ते सांगते. आधी सरकारी बँकेत जाऊन आधार त्या खात्याशी जोडून घेतलं. मग जुन्या बँकेकडून वर्षभराचं स्टेटमेंट मागवलं आणि ज्या दिवशी खातं शून्याखाली गेलं त्या ओळीवर पेनाने गोल केला. तक्रार ईमेलने पाठवली, परिपत्रकाचा महिना आणि वर्ष लिहून, सोबत एकच प्रश्न. तुम्ही मला किती रुपये कर्ज दिलं होतं आणि कोणत्या तारखेला? शाखेत तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. लेखी तक्रारीचा नंबर येतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

वसुलीचा फोन आलाच तर घाबरू नका. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर असे फोन करायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बँकांना बजावलं आहे. मला आलेला फोन रात्री पावणेआठचा होता. "तुमचा सिबिल खराब होईल," असं तो म्हणाला. मी विचारलं, कुठल्या कर्जासाठी? त्याने फोन ठेवला.

ज्यांची अशी जुनी खाती पडून आहेत, त्यांनी आजच ॲप उघडून बघा. लागत नसेल ते खातं उणे व्हायच्या आधी बंद करा, पण आधार कुठे जोडलंय ते आधी तपासा. लागत असेल तर बँकेला लेखी सांगा की ते मूलभूत बचत खात्यात बदला. त्यात किमान शिल्लक नसते, एटीएम कार्डाचे पैसे नसतात. ही सोय 2012 पासून आहे. टेबल टाकून खाती उघडणारे ती तुम्हाला सांगणार नाहीत.

अठ्ठाविसाव्या दिवशी मला बँकेचं उत्तर आलं. 'आमच्या सन्माननीय ग्राहक म्हणून, विशेष बाब म्हणून आणि सद्भावनेने' 2,155 रुपये 10 पैसे माफ करण्यात येत आहेत. मैत्रिणी म्हणाल्या, जिंकलीस, पार्टी दे. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "माफ कसले केले? दिले होते का?"

ती बरोबर बोलली. माफी घेणाऱ्याने काहीतरी चुकवलेलं असावं लागतं. नियम मोडला बँकेने आणि माफ केलं मला. या एका शब्दावर सगळा मामला मिटवला जातो. सद्भावनेने दिलेली गोष्ट फक्त तक्रार करणाऱ्याला मिळते, बाकीच्यांच्या खात्यातून एप्रिलही जातो आणि मेही. चूक मान्य केली असती, तर माझ्यासारख्या प्रत्येकाचं उणे खातं शोधून ते पैसे परत करावे लागले असते. म्हणून सद्भावना. ती स्वस्त पडते.

मी त्यांना परत लिहिलं आहे. सद्भावना नको, चूक झाली असं लिहून द्या, आणि माझे 612 रुपये कोणत्या सूचनेनंतर, तुटीच्या कोणत्या प्रमाणात कापले त्याचा हिशोब द्या. उत्तर यायचं आहे. तीस दिवस झाले की लोकपालाकडे जाणार आहे. शिष्यवृत्तीचा हप्ताही यायचा आहे, पोर्टलवर तो पुन्हा पाठवण्याच्या रांगेत दिसतो. आई दर रविवारी फोनवर दोन्ही गोष्टी विचारते. आधी 612 रुपयांचं विचारते, मग शिष्यवृत्तीचं.